चुन्याच्या रेघेवरचा चिमाजी

मी कुंडलिक. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या चौथ्या वर्षी उत्रोलीच्या माळावर रंगरुटांची छावणी पडली होती, तिथला आचारी. एकशेवीस पोरांची डाळ-चपाती माझ्या हातची. आधीच सांगतो, माझं तोंड फटकळ आहे. चिमाजीला जाऊन चार वर्षं झाली तरी लोक त्याच्याविषयी काहीबाही बोलतात. कोणी म्हणतं वेडा होता, कोणी म्हणतं पांढऱ्या पायाचा. ज्यांनी त्याला त्या रेघेवर उभा पाहिला नाही त्यांनी गप्प बसावं. मी रोज पाहिला, म्हणून मी बोलणार.

चिमाजी गुंजवण्याचा, राजगडाच्या पायथ्याचा. भाताची दोन खाचरं आणि पाच-सहा शेळ्या एवढाच पसारा. पहिल्या लढाईत हा पलटणीत शिरला, बसऱ्याला गेला आणि अठरा सालच्या दिवाळीच्या तोंडावर परत आला. बोटीतून उतरला तेव्हाच अंग कसकसत होतं. पण तीन वर्षांनी घराकडे निघालेला माणूस अंग दुखतंय म्हणून वाटेत थांबतो होय? वेशीवर सगळा गाव जमला होता. म्हाताऱ्यांनी पोटाशी धरलं, बायकांनी ओवाळलं, पोरं अंगाखांद्यावर चढली. आठव्या दिवशी पहिलं मढं उठलं.

त्या तापाला मानमोडी म्हणायचे, कारण आधी मानच धरायचा. महिनाभरात गुंजवण्यातली एकवीस माणसं गेली. त्यात चिमाजीचा बाप, त्याची बायको, आणि त्याच्या माघारी जन्मलेली लेक. लेकीला त्यानं अवघे अकरा दिवस पाहिलं. स्वतः पंधरा दिवस खाटेवर पडला आणि उठला. मेला असता तर सुटला असता, असं मला वाटतं, आणि वाटतं ते मी बोलतो.

कोणी त्याला तोंडावर काही म्हटलं नाही. पण जेवायलाही कोणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता. गावाबाहेर खोपट बांधून राहिला. धाकटी बहीण भामाबाई तेवढी भाकरी घेऊन यायची. तिलाही तो जवळ येऊ द्यायचा नाही. दगडावर भाकरी ठेवायची, मागं सरायचं, मग हा येऊन उचलणार. पंचवीस वर्षं ह्या माणसाला कोणाचा हात लागला नव्हता. एखाद्या गुरालाही कोणी पाठीवर थोपटतं हो!

छावणीवर त्याला आणला सुभेदार रखमाजींनी. दोघं बसऱ्याला एका तंबूत होते. रखवालीला भरवशाचा माणूस हवा म्हणून त्यांनी निरोप धाडला आणि हा आला. यायला आणखी एक कारण होतं. भामाबाईचा एकुलता एक लेक भिमा त्याच महिन्यात भरती होऊन छावणीत आला होता. नवरा नसलेली बाई, आणि लेक निघाला लढाईला. तिनं भावाला लांबूनच सांगितलं, "दादा, तिकडं बरम्यात काय व्हईल ते देवाच्या हाती. पन हितनं तरी त्याला धडधाकट जाऊ दे." चिमाजी म्हणाला, "म्या हाय तितं. त्याला वारा लागू द्यायचा न्हाई." बस, तेव्हापासून त्याच्या आयुष्यात दुसरं काम नव्हतं.

शिमग्याच्या आधी आठ दिवस सावळा नावाचा मेंढका छावणीवर बकरं विकायला आला. बोलता बोलता म्हणाला, वेल्ह्याकडं ताप सुटलाय, घरटी दोन दोन माणसं पडलीत. मी आपला बकऱ्याचे दात बघत होतो. चिमाजी दहा हात लांब उभा होता. तिथूनच त्यानं विचारलं, "मान धरतीया का?"

"व्हय, मान न् कंबर."

"जवान मानसं पडत्यात का म्हातारी?"

"जवानच जास्ती. दोन गेली बी. व्हट काळंनिळं पडलं व्हतं म्हनं."

चिमाजीच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. त्यानं सावळ्याला तिथल्या तिथं हाकलला, बकऱ्यासकट. मी बोंबललो, अरे रस्सा व्हायचाय त्याचा! ऐकतो कोण? तडक सुभेदारांच्या तंबूसमोर गेला आणि म्हणाला, "सायेब, मानमोडी आलीया. छावनी बंद करा. आज, आत्ता."

दुसरा कोणी सुभेदार असता तर हसला असता. पुण्याच्या डॉक्टरचा कागद येऊन पडला होता की साधी सर्दी-पडसं आहे, काळजीचं कारण नाही. पण रखमाजींनी बसऱ्याला माणसं मरताना पाहिली होती, एका एका तंबूतून चार चार. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि चिमाजीला विचारलं, "काय काय करू सांग." अंगठेबहाद्दर माणसाला सुभेदारानं असं विचारलेलं मी तेव्हाच पाहिलं.

छावणीभोवती चाळीस पावलांवर चुन्याची रेघ मारली, वर दोर बांधला. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. दूधवाल्यानं घागर रेघेवर ठेवून मागं जायचं, मग आतून आम्ही उचलायची आणि तीनदा उकळायची. टपाल कडुलिंबाच्या धुरात धरायचं. कोणी खोकला की वेगळ्या तंबूत, मग तो हवालदार का असेना. सगळ्यांच्या रजा रद्द. आणि रेघेवर दिवसभर चिमाजी, हातात काठी; निरोपासाठी आतबाहेर करायचा तो एकटाच.

पोरं अशी चिडली की विचारू नका. शिमगा घरी करायचा म्हणून दिवस मोजत होती बिचारी. होळीला त्यांनी चिमाजीच्या नावानं अशी बोंब ठोकली की पार भोरात ऐकू गेली असेल. भिमाच सगळ्यांत पुढं. "आमच्या मामाची दोरी, छावनी झाली कोंडवाडा!" असं काहीतरी जुळवून ओरडत होता. चिमाजी रेघेवरून ऐकत होता. मला म्हणाला, "वरडू दे. वरडतोय म्हंजी छाती साफ हाय." आता ह्याला वेडा म्हणायचं?

दहा दिवस गेले. माळाच्या चारी बाजूंनी बातम्या येत होत्या. आज ह्या वाडीत तीन, उद्या त्या वाडीत पाच. नसरापूरचा बाजार ओस पडला. नीरेच्या काठावर दिवसाउजेडी धूर दिसायचा, एक विझला की दुसरा. आणि छावणीत एकशेवीस पोरं, एकशेवीस ताटं, एकाला साधी शिंक नाही. सुभेदार मला म्हणाले, "कुंडलिक, कड्यावरनं सुटलेला दगड चिमाजीनं अंगावर धरून ठेवलाय बघ." मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण सकाळी चूल पेटवताना रोज मनात यायचं, आज ताटं किती?

मग आयांना खबर लागली की पाडव्यानंतर पोरं पुण्याला आणि तिथून परमुलखात जाणार. झालं! दोन-दोन दिवसांची वाट तुडवत बाया येऊ लागल्या. रेघेच्या बाहेर झाडाखाली बसायच्या, आणि लेक आतल्या अंगाला तंबूपाशी. मध्ये चाळीस पावलं आणि माळावरचा वारा. ओरडलेलं कळायचं नाही. नुसते हात हलवायचे. मी कांदा चिरत असायचो म्हणून बरं, डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळायचं.

आमच्याकडं लांब जाणाऱ्या माणसाची अलाबला घेतल्याशिवाय त्याला घराबाहेर पडू देत नाहीत. दोन्ही तळवे त्याच्या गालांवरून फिरवायचे आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडायची. त्याची इडापिडा आपल्यावर घ्यायची, असा त्याचा अर्थ. ते न करता पोर लढाईला धाडायचं म्हणजे आईच्या जिवाला केवढा घोर! ठकुबाई नावाच्या एका म्हातारीनं शेवटी पदर पसरला. चिमाजीला म्हणाली, "तू आतबाहीर करतूस न्हवं? मंग माझा हात ने. तुझ्या तोंडावरनं फिरवते, तू माझ्या लेकाच्या तोंडावरनं फिरव."

चिमाजी चार पावलं मागं सरला. "लांब, म्हातारे, लांब!" असा खेकसला की बाई रडायला लागली. पण त्या दिवशी त्यानं भाकरी खाल्ली नाही, नुसता विचार करत बसला. दुसऱ्या दिवशी भामाबाई आली. ती रडली नाही. म्हणाली, "दादा, पंचवीस वर्सं मला जवळ घेतलं न्हाईस, म्या काय म्हनले का? आता माझ्यासाटी न्हाई, भिमासाटी घे."

आता ऐका, इथं चूक झाली. आणि ती त्याच्या एकट्याची नाही, आम्हा सगळ्यांची. देवी येऊन गेलेल्याला देवी पुन्हा शिवत नाहीत, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर घरात देवी आल्या की तोंडावर वण असलेलं माणूस शोधून आणून रोग्याच्या उशाशी बसवतात. चिमाजी म्हणाला, "सायेब, मला मानमोडी येऊन गेलीया. ती मला पुन्यांदा न्हाई शिवायची. बाया माझ्यापातुर येतील, त्यांचा ताप माझ्या अंगावरच थांबंल. पोरान्ला काय बी व्हनार न्हाई." सुभेदारांनी मान डोलावली. मी डोलावली. एकशेवीस माणसांत एकालाही वाटलं नाही की बाबा, देवी वेगळ्या आणि मानमोडी वेगळी.

भामाबाईनं दोन्ही हात त्याच्या गालांवर ठेवले तेव्हा मी पाण्याची बादली घेऊन तिथंच होतो. तो दचकला, चटका बसल्यासारखा. मग डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला. तिनं बोटं मोडली, कडाकडा वाजली. चिमाजी पाठ वळवून तंबूंकडं गेला, भिमाला समोर बसवलं आणि आपले राकट हात त्याच्या तोंडावरून फिरवले. कालपर्यंत बोंबा मारणारं ते पोर मामाच्या कमरेला मिठी मारून ढसाढसा रडलं.

मग रोजचंच झालं. रोज पंचवीस-तीस बाया. एकेक येणार, त्याचं तोंड धरणार, रडणार, कोणी खोकणार, लेकाचं नाव सांगणार. हा आत जाऊन नावानिशी ज्याचं त्याला पोचवणार. एकाच्या आईचा हात दुसऱ्याला दिला नाही कधी. आणि चिमाजी बदलला हो! हसायला लागला. एकदा मला म्हणाला, "कुंडलिक, बायांचे हात लई गरम असत्यात रे." मी त्याची टर उडवली, म्हटलं, म्हातारपणी चळलास की काय. आता आठवलं की माझीच जीभ उपटावीशी वाटते. ते हात गरम कशानं होते, ते माझ्या टाळक्यात शिरायला नको होतं?

सहाव्या दिवशी त्याचा घसा बसला. धूळ म्हणाला, माळावरची. खोकणाऱ्यानं वेगळ्या तंबूत जायचं, हा नियम त्याचाच. पण हा गेला तर रेघेवर उभं कोण राहणार? मीच त्याला आल्याचा काढा करून दिला, कोणाच्या नकळत. दोन दिवसांत तो खडखडीत बरा झाला.

आणि नवव्या दिवशी पाच ताटं उरली.

चपात्यांची उरलेली चळत मी दोनदा मोजली. दुसऱ्या दिवशी अठरा ताटं उरली. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस. वेगळ्या तंबूत जागा उरली नाही, दुसरा उभारला, तिसरा उभारला. मान धरायची, कंबर धरायची, नाकातून रक्त यायचं. वीस-बावीस वर्षांची पोरं, आदल्या दिवशी कवायतीत दगड फोडतील अशी, संध्याकाळपर्यंत ओठ निळे. पाडव्याला गुढी उभारायची कोणाला सुचलं नाही. त्या दिवशी पहिली दोन गेली. भिमा त्याच्या आदल्या दिवशी आडवा झाला होता.

चिमाजी पिसाळला. रेघ सबंध फिरून फिरून बघायचा, कुठं पुसली का, कुठं पाऊल उमटलं का. दूधवाल्याच्या अंगावर धावून गेला. कावळ्यांना दगड मारत सुटला. शेवटी माझ्या चुलीपाशी येऊन म्हणाला, "तूच दूध कच्चं ठेवलंस. तुझ्या आळसानं मारलंस पोरान्ला." दोन रात्री माझा डोळ्याला डोळा नव्हता, काढे उकळून हात भाजले होते. माझं डोकं फिरलं. पळी आपटून मी ओरडलो, "आरं मुडद्या, रेघ कोन वलांडतंय? सांग की! एकशेवीस पोरं आत हाईत, समद्या आया भाईर हाईत. रोज तिकडनं हिकडं येतंय कोन? त्यांच्या तोंडाला तोंड लावून पोरांच्या तोंडाला हात लावतंय कोन? तूच की!"

खरं सांगतो, ओरडेपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग कळलं.  चिमाजी स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. त्याच दिवशी पुण्याहून डॉक्टर आला, तोच कागदवाला. सुभेदारांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, हा ताप एकदा येऊन गेला तरी पुन्हा येतो. आणि उभ्यानं निभावून नेणारा माणूसही दुसऱ्याला देतो. चिमाजी तंबूच्या बाहेर उभा होता. त्यानं ऐकलं.

त्यानंतर तो रेघेच्या आत आला नाही. दोराच्या बाहेर, बायांपासूनही वीस पावलं लांब, उघड्या माळावर उन्हात बसून राहिला. बाया त्याला शिव्या द्यायला लागल्या, की आता लेकरं आजारी असताना तरी हात पोचव. हा काठीनं नुसतं लांब बसा म्हणून खुणवायचा.

आत भिमा दिवस मोजत होता. मी काढा पाजायला गेलो की विचारायचा, "मामा आला न्हाई आज? आयचा हात आनला न्हाई?" चार दिवस विचारत होता. मी नाकातोंडाला फडकं बांधून लांबूनच वाटी पुढं करायचो. एकदा तरी मी जाऊन त्याच्या गालावर हात फिरवायला हवा होता, मामानं पाठवलाय म्हणून सांगायला हवं होतं. नाही गेलो. मला माझ्या जिवाची भीती वाटली. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं नाही.

एकोणीस पोरं गेली त्या छावणीतली. भिमा अकरावा. सुभेदारांनी टोपी काढून रेघेपाशी जाऊन भामाबाईला लांबूनच सांगितलं. ती खाली बसली. बराच वेळ मातीत बोटं खुपसून बसली होती. मी पाण्याचा तांब्या रेघेवर ठेवायला गेलो होतो, तिथंच खिळलो. मग तिनं मान वर केली आणि माळावर बसलेल्या भावाला हाक मारली.

"दादा, येवढंच सांग. माझा हात पोचला का रं त्याला?"

चिमाजी उठून उभा राहिला.  मला वाटलं, आता हा सांगणार. मला वाटलं, सांगू दे एकदाचं, मोकळा होऊ दे.

"पोचला, भामे," तो म्हणाला. "धा दिस. रोजच्या रोज."

"मंग झालं," भामाबाई म्हणाली, आणि तिला तेव्हा रडू फुटलं. "आयचा हात लागून गेला माझा लेक. लई उपकार झालं तुझं, दादा." आणि दोन्ही तळवे पुढं करून ती त्याच्याकडं चालू लागली. चिमाजी मागं सरला. ती आणखी पुढं गेली, तो आणखी मागं. "लांब हो, भामे! लांब हो!" असं ओरडत तो पाठमोराही न होता मागं मागं गेला, ठेच लागून पडला, उठला आणि नीरेच्या अंगाला दिसेनासा झाला. ती हात तसेच धरून उभी. मी तिला हाक मारून सगळं सांगू शकत होतो. माझ्यासारखा फटकळ माणूस, पण दातखीळ बसली.

चिमाजी त्याच आखाडात गेला, खोपटात एकटाच. भामाबाई अजून आहे. परवा नसरापूरच्या बाजारात भेटली. म्हणाली, "कुंडलिकभाऊ, लोक माझ्या दादाला काय बी बोलत्यात. पन माझ्या भिमासाटी त्यानं जे केलं ते कोन करील वं?"

मी म्हणालो, "कोनी न्हाई करनार, बाई."